डोणीतलं तांबडं पाणी

उन्हाळा लागला की रविवारच्या पुरवण्यांत मोगरा फुलतो, वाळ्याचे पडदे भिजतात, कैरीचं पन्हं गार होतं आणि माझं डोकं गरम होतं. ही लिहिणारी मंडळी कुठल्या उन्हाळ्यात राहतात कोण जाणे. मी वाढले त्या भागात उन्हाळा अंगावर चालून यायचा. त्यात गोड काही नव्हतं, आणि जे होतं ते गोड करून सांगण्याची मला हौस नाही.

आज सकाळी गच्चीवर गेले. चिमण्यांसाठी ठेवलेल्या सिमेंटच्या थाळीत पाणी बोटभर उरलं होतं आणि तळाला तांबडं धरलं होतं. सून म्हणाली, "गंज चढला वाटतं, आई." मी म्हटलं, "सिमेंटला गंज चढतो का गं? शेवाळ आहे ते." ती हसली. "शेवाळ कुठं तांबडं असतं?" ती एम. ए. झालेली आहे. मी खाली आले. तेव्हापासून चहासुद्धा कडू लागतो आहे.

तीस वर्षं मी गुलबर्ग्यात मुलींना वनस्पतिशास्त्र शिकवलं. शेवाळ म्हटलं की मुली नाक मुरडायच्या. घसरून पडायला होतं तेवढीच त्यांची ओळख. मी सांगायची, पोरींनो, हे पाण्यातलं सगळ्यात जुनं बिऱ्हाड आहे, आणि ऊन कसं सोसायचं हे त्याला आपल्याहून बरं कळतं. पाणी तापायला लागलं की सगळी शेवाळं एकसारखी वागत नाहीत. धाग्यांचं शेवाळ असतं, बायकांच्या विंचरलेल्या केसांच्या गुंत्यासारखं, ते आपणच सोडलेल्या हवेच्या बुडबुड्यांवर तरंगत वर येतं, उन्हात पिवळं पडतं, मग पांढरं, मग कागदासारखं वाळून काठाला चिकटतं. ते मेलं की निळसर हिरवी साय येते. तिला ऊन मानवतं. गुरांनी ती प्यायली तर गुरं बसतात ती उठत नाहीत. आणि एक तिसरं असतं, दगडाच्या खळग्यात राहणारं. दाण्याएवढासुद्धा नसलेला जीव. पाणी गार असतं तोवर दोन बारीक शेपट्या हलवत हिरवागार पोहत असतो. पाणी तापलं, आटलं, की शेपट्या टाकून देतो, गोल होतो, अंगाभोवती जाड कवच घेतो आणि आत तांबडा रंग भरतो. तो रंग त्याची छत्री असते. मग तो नुसता थांबतो.

हे सगळं मला पुस्तकानं शिकवलं असं मुलींना वाटायचं. मी तो गैरसमज दूर केला नाही.

आमचं गाव कमठाण्याहून दोन कोसांवर. निजामाचा अमल होता. पाटील-पटवारी उर्दूत कागद लिहायचे, बायका मराठीत भांडायच्या, आणि बाजारात कानडी, मराठी, दखनी सगळं एकाच वाक्यात चालायचं. गावाला एक तळं आणि एक विहीर. विहिरीच्या कट्ट्याला लागून काळ्या दगडाची लांबट डोणी होती, गुरांना पाणी पाजायला कोरलेली. मी बारा वर्षांची होते त्या वर्षी पाऊस आधीच कमी झाला होता, आणि होळी सरते न सरते तोच जांभ्या दगडाच्या भिंतींना पाठ टेकता येईना. विहिरीचं पाणी खाली गेलं. पोहरा आपटल्याचा आवाज उशिरा यायचा. पाटलांनी दवंडी दिली की गुरं तळ्यावर न्यावीत, विहिरीचं पाणी फक्त माणसांना. डोणीत पाणी ओतणं बंद झालं. सांडलेलं चार ओंजळी पाणी तेवढं तिच्यात पडून राहायचं आणि दिवसभर तापायचं. दुपारी बोट घातलं तर चटका बसे.

तळ्याची दशा आणखी वाईट. आधी हिरवे पुंजके वर आले, मग ते वाळून काठावर त्यांचे पापुद्रे उडायला लागले. मग साय धरली. सकाळी गेलं की मासे तोंडं वर काढून आ आ करताना दिसायचे, कारण तापल्या पाण्यात हवा राहत नाही, आणि उरली असेल ती रात्रीतून ती सायच खाऊन टाकते. सूर्य वर येईतो निम्मे मासे पोट वर करून तरंगत असायचे. त्याचा वास गावभर. जेवताना तो वास ताटात यायचा.

आमच्या घरासमोर नीलव्वाचं घर होतं. आम्ही मुली तिला नीलक्का म्हणायचो. ती हळ्ळीखेडची लेक, बसवण्णाला मानणाऱ्या घरातली. नवरा कापडाची गाठोडी घेऊन बाजार करायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मांडीवर दीड वर्षांची मुलगी, गौरा. नीलक्का उंच, हाडापेरानं मोठी, हसली की अख्खी गल्ली ऐकायची. मला ती तंगी म्हणायची, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. मला सख्खी बहीण नव्हती, त्यामुळे ते मला फार आवडायचं.

त्यांच्यात विटाळ पाळत नाहीत. देव गळ्यात बांधलेला असताना बाई अपवित्र होईलच कशी, असं त्यांचं साधं म्हणणं. आमच्यात मात्र बाई चार दिवस बाजूला बसायची, विहिरीवर दिसायची नाही. गावातल्या बायकांना त्यामुळे एकमेकींच्या तारखा तोंडपाठ. नीलक्का मात्र महिनाभर रोज विहिरीवर. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. "त्यांच्यात न्हाई पाळत," एवढं म्हणून बायका पोहरा सोडायच्या. कुणाला काही अडत नव्हतं. पाणी होतं तोवर सगळ्यांचे देव एका कट्ट्यावर नांदत होते.

एका दुपारी मी नीलक्काच्या परसात गेले होते. घरी येऊन आईला सांगितलं, "नीलक्काच्या दोरीवर फडकी वाळायलीत. आन् सकाळी ती विहिरीवर आलती, डोणीपाशी कळशी घासायली होती." कुणी विचारलं नव्हतं. बारा वर्षांच्या मुलीला मोठ्या बायकांच्या गोष्टीत आपल्यालाही काहीतरी ठाऊक आहे हे दाखवायचं असतं, बस. आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी डोणी तांबडी झाली.

म्हणजे ती आधीपासूनच होत असणार. रंग एका दिवसात भरत नाही, आठवडा लागतो. पण रिकाम्या डोणीत वाकून बघायला कुणाला सवड होती? त्या सकाळी कुणाची तरी घागर घसरली, ती उचलायला बाई वाकली आणि किंचाळली. आम्ही सगळ्या धावलो. काळ्या दगडात, तळाला, दाट तांबडं. कडेला वाळलेलं, त्याचा रंग आणखी गडद. मला आजही तो रंग डोळे मिटून दाखवता येईल.

"माती आसंल की," एक म्हातारी म्हणाली. आमची मातीच तांबडी, तिचं म्हणणं वावगं नव्हतं.

"मातीला आसा वास येतोय व्हय?" दुसरी म्हणाली. "रगत हाय हे."

मग माझी आई म्हणाली, "काल नीलव्वा आलती डोणीपाशी. तिचे दिवस हायत. माझ्या पोरीनं बघितलंय."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान हलवली. खोटं काय होतं त्यात?

पाऊस कामून आला न्हाई, विहीर कामून आटली, मासे कामून मेले, या सगळ्याचं उत्तर त्या सकाळी गावाला एकदम सापडलं. बायका पाटलांकडे गेल्या. ते म्हणाले, बायकांच्या गोष्टी बायकांनी मिटवाव्यात. त्यांनी त्या अशा मिटवल्या की पाऊस पडेपर्यंत नीलव्वानं कट्ट्यावर पाय ठेवायचा नाही. तिच्यासाठी दुसऱ्या कुणी शेंदायचं नाही. तळं आहे की. गावात बसवण्णाला मानणारी आणखी दोन घरं होती. ती तिच्या बाजूनं उभी राहतील असं मला वाटलं. त्यांनी गुपचूप आपल्या सुना चार दिवस घरात ठेवायला सुरुवात केली आणि "आमच्यात बी पाळत्यात," असं विचारल्याशिवाय सांगू लागली.

इथं एक लिहिलं पाहिजे. तळ्याचं पाणी पिणारी माणसं गावात आधीपासून होती. वेशीबाहेरची घरं. त्यांना त्या कट्ट्यावर कुणी कधी चढूच दिलं नव्हतं, आणि त्याबद्दल आम्हाला कुणाला कधी वाईट वाटलं नव्हतं, मला धरून. मला वाईट वाटलं ते ओळखीची बाई तिकडे गेली तेव्हा. माझ्या चांगुलपणाची लांबी एवढीच.

नीलक्का तळ्यावर जायला लागली. धडुत्याची चार पदरी घडी करून पाणी गाळायची, उकळायची. सरपण संपलं की नुसतं गाळायची. गौराला जुलाब सुरू झाले. तिचं रडणं आमच्या ओसरीवर ऐकू यायचं. आई दार लावून घ्यायची.

चौथ्या दिवशी मी मागच्या बाजूनं नीलक्काकडे गेले. मला वाटलं ती मला मारेल. तिला ठाऊक होतं कुणी सांगितलं ते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आलीस? बरं झालं. बस."

तिच्यासमोर पांढरा तामचिनीचा वाडगा होता आणि त्यात तळाला तांबडा गाळ. डोणीतला. पहाटे जाऊन खरवडून आणला होता.

"रगत न्हाई हे, तंगी," ती म्हणाली. "माझ्या माहेरी परसात एक फुटकं उखळ हाय. दर उन्हाळ्यात त्यात आसंच तांबडं व्हतंय. आन् पाऊस पडला की हिरवं. ल्हानपणापासून बघायलेय मी. ऊन लागलं की त्येला तांबडं व्हावं लागतंय, सावली भेटली की हिरवं व्हतंय. आता ह्यात मी चांगलं पाणी घालतेय, सावलीत ठिवतेय. तू रोज यायचंस आन् बघायचंस."

"मी कामून?"

"मी सांगितलं तर कोन ऐकंल? तू त्यांच्यातली हायस. तू सांगितलीस म्हणून त्यांनी ऐकलं की न्हाई मागच्या टायमाला?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच साक्षीदार हवा होता. चांगलं पाणी म्हणजे तिच्या नवऱ्यानं पलीकडच्या गावाहून डोक्यावर आणलेली एक कळशी होती. ती गौरासाठी होती. त्यातलं तिनं वाडगाभर शेवाळाला घातलं. मग मला म्हणाली, "तुझी काहीतरी खूण टाक ह्यात. म्हणजे वाडगा बदलला आसं कुणी म्हणू नये." माझी एक हिरवी बांगडी त्याच सकाळी पिचली होती, तिचा तुकडा मी वाडग्यात टाकला.

पुढचे दिवस मी दुपारी, सगळं गाव दारं लावून पडलेलं असताना, उन्हातून पळत तिच्या परसात जायची. पाय भाजायचे. दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी तांबडं जरा विटलं, विटकरीसारखं झालं. मग मेंदीच्या वाटलेल्या पाल्याचा रंग. मला कळेना की मी बघते आहे ते खरं आहे का. नीलक्का गौराला मांडीवर घेऊन बसलेली असायची, पोरीचे पाय काड्यांसारखे झालेले, आणि आम्ही दोघी त्या वाडग्यात डोकं घालून बघायचो. सहाव्या का सातव्या दिवशी मी गेले तर वाडगा हिरवा होता. पोपटी हिरवा, आणि उन्हाची तिरीप पडली तिकडे पाण्यात हिरवा ढग सरकत होता. हलत होतं ते. मी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पुढं मी मोठमोठ्या प्रयोगशाळा बघितल्या, पण तसा आनंद मला कुठल्याच भिंगाखाली झाला नाही.

"आता चल," नीलक्का म्हणाली.

सकाळच्या गर्दीला ती वाडगा घेऊन विहिरीवर आली. कट्ट्यावर चढली नाही, खालीच उभी राहिली. मी आईजवळ होते, दोरखंड धरून.

"हे डोणीतलंच हाय," ती म्हणाली. "सावलीत ठिवलं तर हिरवं झालंय. बघा. रगत कवा हिरवं व्हतंय का? मला पाण्यावर येऊ द्या. माझी पोरगी मराय लागलीय."

बायका वाकून बघायला लागल्या. एकदोघींचे चेहरे हलले, मी बघितलं. ती मातीवाली म्हातारी तर म्हणाली, "शेवाळच हाय की गं हे."

"डोणीतलंच कशावरून?" आई म्हणाली. "तळ्यातलं आणलीस आसशील."

"तुमच्या इंदूनं रोज येऊन बघितलंय. तिची बांगडी हाय ह्यात. इचारा तिला."

आई खाली उतरली. वाडग्यात दोन बोटं घालून तिनं तो तुकडा काढला आणि उन्हात धरून बघितला. पंधरा दिवसांपूर्वी तिनंच त्या बांगड्या कमठाण्याच्या बाजारात माझ्या हातात भरल्या होत्या. उरलेल्या पाच माझ्या मनगटावर होत्या. मी हात मागं घेतला.

"तुझी हाय व्हय, इंदू?"

आईचा आवाज अगदी साधा होता. तिनं डोळे वटारले नाहीत, धमकावलं नाही. मला सांगता आलं असतं. मला कुणी मारलं नसतं, फार तर चार दिवस आई बोलली नसती.

"न्हाई," मी म्हटलं.

नीलक्का माझ्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, असं बघतात तसं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "रगताचं हिरवं करायली ही, चेटूक हाय चेटूक," आणि एवढं पुरलं. कुणीतरी वाडग्याला काठी मारली. पाणी तापल्या फरसावर सांडलं आणि आम्ही बघत असतानाच वाळलं.

त्या आठवड्यात ती गौराला घेऊन माहेरी गेली. बैलगाडीत बसताना तिनं आमच्या दाराकडे बघितलं नाही. मी खिडकीच्या गजाआड होते. पुढं तिच्या नवऱ्यानंही घर मोडलं.

मृग लागला, पाऊस झाला, डोणी भरली. आठ दिवसांत तिच्यात हिरवं आलं. बायका तिच्या शेजारून पाणी नेत होत्या, घागरी टेकवत होत्या. कुणीही एक शब्द काढला नाही. पुढच्या उन्हाळ्यात डोणी पुन्हा तांबडी झाली, तेव्हा पाटलांनी ती राखेनं घासून घ्यायला लावली, झालं. त्या वर्षी विहिरीला पाणी होतं.

शिकलेले लोक अशा गोष्टी ऐकून हळहळतात आणि म्हणतात, काय करणार, अडाणी होते बिचारे. मीही पुष्कळ वर्षं तेच म्हणत आले. पोलीस ॲक्शननंतर मामानं मला गुलबर्ग्याला नेलं, शाळेत घातलं, पुढं कॉलेजात. एका दुपारी एका जाड इंग्रजी पुस्तकात मला ते सापडलं. तो गोल दाणा, ते कवच, तो तांबडा रंग, आणि सावली नि ताजं पाणी मिळताच पुन्हा हिरवं होणं, सगळं, चित्रासकट. नीलक्कानं परसात बसून सांगितलं होतं त्याहून त्यात फारसं जास्त नव्हतं. मी वाचनालयात बसून रडले. आपण आता काहीतरी करू शकतो, असं मला वाटलं. नोकरी लागल्यावर ते पुस्तक पिशवीत घालून मी हळ्ळीखेडला गेले.

ती ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होती. केस पिकलेले, हाडं तशीच मोठी. मला तिनं लगेच ओळखलं. आतून एक तरुण मुलगी तांब्याभर पाणी घेऊन आली, तिचे पाय जरा बारीक होते, ती गौरा. मी पाणी प्यायले. मग पुस्तक उघडलं, चित्र दाखवलं, कानडी-मराठीत सगळं समजावून सांगितलं. नीलक्का, तू खरी होतीस, जगातले मोठे मोठे लोक हेच म्हणतात. माझा आवाज कापत होता, आणि खरं सांगायचं तर तो कापतो आहे याचं मला बरंही वाटत होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. चित्रावरून एकदा बोट फिरवलं.

"आई हाय का तुझी?"

"हाय."

"तिला दाखवलीस हे?"

"न्हाई."

"कामून?"

मी म्हटलं, "तिला ठावंच होतं, नीलक्का. बांगडी तिनंच भरलेली."

नीलक्कानं सूप पुन्हा हातात घेतलं.

"तिला ठाव व्हतं," ती म्हणाली. "तुला ठाव व्हतं. मला तर ठावच व्हतं. मग हे पुस्तक कुणासाठी आणलीस?"